हजेरी आणि रिजेक्शन एकाच वहीत: कारखान्यात माणसांचा कारभार पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत तुम्ही नुकतेच एचआरला लागला असाल, किंवा वडिलांच्या मशीन शॉपमध्ये बसायला लागल्यावर ‘माणसांचं तेवढं तू बघ’ असं सांगून एक मस्टर तुमच्या हातात दिलं गेलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. शिवाजी विद्यापीठातून एमबीए करून मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) लागले. मोल्डिंग (वाळूचे साचे), कोअर (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे), फेटलिंग (ओतलेला माल साफ करणं) आणि छोटं मशीन शॉप मिळून ऐंशी-पंच्याऐंशी माणसं होती. ‘मानवी भांडवल’ या विषयावर मी वर्गात प्रेझेंटेशन दिलं होतं, पण पहिल्या महिन्यात तीन मोल्डर सोडून गेले तेव्हा त्यामुळे कारखान्याचं नेमकं किती नुकसान झालं हे मला मालकांना सांगता आलं नाही. ते सांगता यायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

सुरुवात करण्याआधी हे जमवा

- गेल्या बारा महिन्यांची हजेरी आणि पगारपत्रकं
- ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची नोंद (बहुतेक ठिकाणी ती सुपरवायझरच्या डायरीत असते, ती मागून घ्या)
- पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची महिनावार चलनं
- प्रत्येकाचं आधार, बँक पासबुक आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), आणि त्यांतली नावं एकमेकांशी जुळतात का याचा तक्ता
- ठेकेदाराचा करार आणि त्याच्या माणसांची पीएफ-ईएसआय चलनं
- क्वालिटी विभागाचं रोजचं रिजेक्शनचं रजिस्टर
- गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादी: नाव, विभाग, लागल्याची आणि सोडल्याची तारीख

शेवटचे दोन कागद एचआरकडे कधीच नसतात. तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

१. पहिला आठवडा शॉपवर काढा

केबिनमध्ये बसून एक्सेल उघडू नका. सेफ्टी शूज घाला आणि तिन्ही शिफ्टना एकेकदा जा. कोण कुणाला विचारून काम करतो, बंद पडलेलं मशीन कुणाच्या हाताला सुरू होतं, नवीन पोरगं जेवायला कुणाशेजारी बसतं, हे बघा. कारखान्याच्या पदांच्या तक्त्यात सुपरवायझर वर असतो, पण कोअर शॉपमध्ये खरा शब्द कुण्या एका मामांचा चालतो. ते मामा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ओळखता आले पाहिजेत.

या आठवड्यात कुणाला कसलंही आश्वासन देऊ नका. ‘बघते, साहेबांशी बोलते’ एवढं म्हटलं, तरी ते आश्वासनच धरलं जातं.

२. पगाराची तारीख आणि पगाराचं गणित

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे. कायदाही तेच सांगतो. पण कायद्यापेक्षा मोठं कारण असं, की आपल्याकडच्या कामगाराचा सोसायटीचा, बचत गटाचा, गाडीचा हप्ता त्या तारखेला बांधलेला असतो. पगार चार दिवस लांबला की तो उचल मागतो. उचल घेतली की पुढच्या महिन्यात हातात कमी पडतं, म्हणून तो पुन्हा उचल मागतो. शेवटी शेजारच्या कारखान्यातला ठेकेदार त्याची उचल फेडून त्याला घेऊन जातो. असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

ओटीचं गणित कागदावर करून दाखवा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास. १५,६०० भागिले २०८ म्हणजे तासाला ७५ रुपये. ओटी दुप्पट दराने द्यायची असते, म्हणजे तासाला १५०. ‘आमच्यात सिंगलनं देतात’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते बेकायदा आहे, हे मालकांना स्वच्छ शब्दांत सांगणं तुमचं काम आहे.

पगाराची चिठ्ठी मराठीत द्या. कपातीची प्रत्येक रक्कम कशाची, हे त्याला घरी बायकोला समजावून सांगता आलं पाहिजे.

३. सरकारी कागद: इथे नवखे अडकतात

पीएफ २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो, ईएसआय १० पासून. पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर धरलं तर प्रत्येकी १,८००. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला जातात आणि उरलेले ५५० पीएफला. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होतं: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे २० हजार पगारावर १५० आणि ६५० रुपये. दोन्ही चलनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची.

नेहमी होणाऱ्या चुका:

मधेच पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या वर गेला, की लगेच त्याची ईएसआय कपात थांबवतात. तसं करायचं नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालावधी असतात. चालू कालावधी संपेपर्यंत कपात करायची आणि लाभही चालू ठेवायचा.

आधारवर ‘शिवाजी’ आणि पीएफला ‘शिवाजीराव’ एवढा फरक असला, तरी पैसे काढताना माणूस महिनोन् महिने हेलपाटे घालतो. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव हे सगळं लागण्याच्या दिवशीच जुळवून घ्या. सोडून गेलेल्याची सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरायला विसरू नका. तारीख नसली की त्याचे पैसे अडकतात, आणि तो गावात सगळ्यांना सांगतो की या कारखान्यात लागू नका. तुमची पुढची भरती तिथेच अडते.

ठेकेदारानं पीएफ भरला नाही, तर जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून त्याचं बिल पास करण्याआधी चलन हातात घ्या.

चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नवीन माणसाच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी आधी लक्षात ठेवा. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं. एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त रक्कम भत्त्यांत दाखवली, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. आणि सोडून जाणाऱ्याचा वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिटवायचा असतो. बाकीच्या नियमांसाठी एखाद्या चांगल्या लेबर कन्सल्टंटला धरा. तो खर्च वाया जात नाही.

४. दोन वह्या शेजारी ठेवा

आता मूळ मुद्दा. बहुतेक कारखान्यांत माणसांची वही वेगळी आणि मालाची वही वेगळी असते. माणसांची एचआरकडे, मालाची क्वालिटीकडे. त्या दोन वह्या कुणी कधी एका टेबलावर उघडत नाही. माणसांच्या कारभाराचा धंद्यावर काय परिणाम होतो, हे तिथेच दिसतं.

आमच्याकडे एका कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होलचं, म्हणजे गॅसमुळे पडणाऱ्या भोकांचं रिजेक्शन अधूनमधून एकदम वाढायचं. लॅब वाळूची ओल तपासत होती, मेल्टिंगवाले ओतण्याचं तापमान तपासत होते. प्रत्येक मीटिंगमध्ये दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवायचे. मी एका रविवारी तीन महिन्यांची रिजेक्शनची शीट आणि हजेरी शेजारी मांडली. वाईट दिवसांवर खुणा केल्या. त्यांतले बहुतेक दिवस असे निघाले, की त्या दिवशी शेल कोअर भाजणाऱ्या मामांचा खाडा होता आणि मशीनवर हेल्पर उभा होता.

मामा कोअरचा रंग बघून तो काढायचे. मधासारखा रंग आला की कोअर भाजला. हेल्परला ते माहीत नव्हतं. उत्पादनाचा आकडा गाठायचा म्हणून तो कोअर लवकर काढायचा. असा कोअर आत कच्चा राहतो, धातू ओतला की त्यातून गॅस सुटतो आणि कास्टिंगमध्ये भोकं पडतात. दोष वाळूचाही नव्हता आणि हेल्परचाही. पंचवीस वर्षांत कमावलेली नजर एकाच माणसाकडे होती, आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची सोय कारखान्यानं केलेली नव्हती. मानवी भांडवल म्हणजे काय, हे मला वर्गात नाही, त्या दिवशी कळलं.

मग मामांकडून दोन पोरांना शिकवून घेतलं, मशीनवर तापमान आणि वेळ लिहून लावली, आणि चांगला, कच्चा, करपलेला असे तीन कोअर कापून नमुना म्हणून शेजारी टांगले. मामांना शिकवण्याचा वेगळा भत्ता सुरू केला. त्यासाठी मालकांशी मला दोनदा भांडावं लागलं.

तुम्ही ही वही करताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, तारीख ओतण्याची धरा, तपासणीची नाही. सोमवारी ओतलेला माल फेटलिंग होऊन गुरुवारी तपासला जातो, आणि काही दोष तर मशीनवर लावल्यावरच दिसतात. गुरुवारच्या हजेरीशी तुलना केलीत, तर भलत्याच माणसावर ठपका येईल. कास्टिंगवरचा हीट नंबर (कुठल्या वितळीचा माल ते सांगणारा) किंवा तारखेची खूण धरून मागे जा.

दोन, या वहीचा उपयोग दंड करायला एकदाही करू नका. तसं एकदा झालं, की दुसऱ्या दिवसापासून खराब पीस स्क्रॅपच्या ढिगात गपचूप जातील आणि तुमची वही कोरी, सुंदर आणि खोटी होईल.

तीन, एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. किमान तीन महिने बघा.

रोज पाच रकाने पुरतात: तारीख आणि शिफ्ट, कोण कुठल्या मशीनवर, किती पीस, किती रिजेक्ट आणि कशामुळे, त्या दिवशी नेहमीचा माणूस होता का. शंभर पानी वहीही चालते. सॉफ्टवेअर नंतर घ्या.

हे फक्त माझं एकटीचं म्हणणं नाही. निकोलस ब्लूम हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांत असाच प्रयोग केला. दोषांची रोजची नोंद, मशीनची नियमित देखभाल, स्टोअरची शिस्त, कामाशी जोडलेला मोबदला अशा साध्या सवयी काही गिरण्यांत लावल्या आणि बाकीच्यांशी तुलना केली. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना मी हे नेहमी सांगते, कारण तो धंदा त्यांच्याच जातकुळीचा आहे.

५. सोडून गेलेल्या माणसाची किंमत काढा

‘गेला तर गेला, दुसरा येईल’ हे वाक्य तुम्ही ऐकालच. त्याला उत्तर आकड्यानंच द्यायचं. समजा २० हजारांचा एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर गेला. नवीन माणूस महिनाभर, म्हणजे २४ दिवस, निम्म्या वेगानं चालतो. रोजचे ४ तास गेले, म्हणजे ९६ तास. मशीनचा तासाचा दर ३५० धरला तर ३३,६०० रुपये. शिकताना ४० पीस बिघडले, एका पीसमागे १८० धरले तर ७,२००. एकूण ४०,८००, म्हणजे गेलेल्या माणसाचे दोन पगार. यात तुटलेले इन्सर्ट (मशीनची कापणारी पाती) आणि शिकवणाऱ्याचा वेळ धरलेलाच नाही. तुमच्या कारखान्याचे दर घालून हा हिशेब करा आणि मालकांसमोर ठेवा. तो माणूस कदाचित हजार रुपये वाढवून मागत होता.

माणूस का गेला, हे सोडताना विचारून कळत नाही. ‘घरचं काम आहे’ हेच उत्तर मिळतं, कारण त्याचा हिशेब अजून तुमच्या हातात असतो. सगळे पैसे देऊन झाल्यावर महिन्याभरानं फोन करा. तेव्हा खरं कारण येतं, आणि ते बहुतेक वेळा पगाराचं नसतं. सुपरवायझर चारचौघांत बोलला, ओटीचे तास कापले, एकाच शिफ्टला दोन महिने ठेवलं, अशी ती कारणं असतात.

६. शिकवा, आणि शिकवल्याची नोंद ठेवा

‘शिकवला की पळतो’ ही मालकांची खरी भीती आहे, तिला हसू नका. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात यावर नेमका विचार मांडला. कुठल्याही कारखान्यात उपयोगी पडणारं कौशल्य एक, आणि याच कारखान्यात उपयोगी पडणारं दुसरं. सीएनसीचं प्रोग्रॅमिंग पहिल्या प्रकारचं. ते शिकल्यावर बाजारात त्याची किंमत वाढते, म्हणून तुमच्याकडेही पगार वाढवावा लागतो. तुमच्या पॅटर्नची, तुमच्या जुन्या मशीनची, तुमच्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगची नजर ही दुसऱ्या प्रकारची. तिची किंमत बाहेर मिळत नाही. दोन्ही मिसळून शिकवा, आणि पहिल्या प्रकारचं शिकवलंत की वाढीचा टप्पा आधीच लिहून द्या: अमुक शिकलास, सहा महिने केलंस, की इतके वाढतील.

त्यासाठी कौशल्याचा तक्ता करा. डावीकडे नावं, वर मशीन किंवा कामं, आणि चौकटीत १ ते ४: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्या रकान्यात ३ किंवा ४ फक्त एकाच नावापुढे आहे, तिथे तुमचा कारखाना एका माणसाच्या तापावर अवलंबून आहे. शिकवायला सुरुवात तिथून करा. आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट होत असेल तर हा तक्ता मागितला जाईलच. पण ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला तक्ता कुणाच्याच कामाचा नसतो.

शिकवण्याची रीत जुनी आणि सोपी आहे: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या आणि त्यानं तोंडानं सांगायला हवं की असं का करायचं, मग काही दिवस मागोवा घ्या. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच थांबतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवणाऱ्या मिस्त्रींनी शाळा न काढता पोरं तयार केली, पण ती पोरं वर्षानुवर्षं शेजारी उभी राहून शिकली. आज कुणाकडे तेवढी वर्षं नाहीत, म्हणून ‘का’ सांगावंच लागतं.

कळंब्याच्या शासकीय आयटीआयमधून अप्रेंटिस घ्या. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारकच आहे. मात्र त्यांना झाडू मारायला आणि चहा आणायला लावलंत, तर वर्ष संपलं की ते जातील, आणि जायलाच हवेत.

७. सुपरवायझरला एकटं सोडू नका

सगळ्यात चांगला ऑपरेटर असतो त्याला सुपरवायझर करतात. हातातलं काम त्याला येतं, माणसं हाताळणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. महिन्यातून दोनदा अर्धा तास सगळ्या सुपरवायझरांना घेऊन बसा. चूक चारचौघांत न बोलता बाजूला नेऊन कशी सांगायची, रजा नाकारताना कारण कसं द्यायचं, नवीन पोराला पहिल्या दिवशी कुणाला भेटवायचं, एवढेच विषय पुरतात. माझ्या अनुभवात याहून स्वस्त आणि जास्त फळ देणारी दुसरी गोष्ट नाही.

इन्सेंटिव्ह देत असाल तर तो पीसवर नको. पुढच्या टप्प्यावर ओके झालेल्या पीसवर द्या, नाहीतर आकडा आणि रिजेक्शन दोन्ही एकदम वाढतील.

८. गावाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

आपला कामगार नागाव, टोप, शिये, हालोंडी अशा गावांतून येतो. त्याच्या घरी ऊस आहे, दारात म्हैस आहे. पहिल्या शिफ्टला रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या एकाला मी मेमो काढला होता. तो म्हणाला, ‘मॅडम, धार काढून डेअरीला दूध घालून येतोय. डेअरी उघडतीच सहाला.’ मेमो मागे घेतला आणि त्याला दुसऱ्या शिफ्टला कायम केलं. त्यानंतर त्याचा उशीर झाला नाही.

पावसाळ्यातली भाताची लावण, उसाचा हंगाम, प्रत्येक गावची म्हाई (गावजत्रा), चैत्रातली जोतिबाची यात्रा, बिहारकडच्या मोल्डरांचा छठपूजेचा काळ हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून काढा. खाडे होणारच आहेत. ते आधी माहीत असतील तर उत्पादनाची आखणी बदलता येते आणि तक्त्यावरच्या ३ नंबरच्या माणसाला त्या जागी लावता येतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. त्या दिवसांची हजेरी आणि पगार कसा धरायचा, हे पावसाळ्याआधी लेखी ठरवा. पाणी आल्यावर ठरवलेलं कुणालाच न्याय्य वाटत नाही.

९. मालकांपुढे महिन्याला एकच पान

पाच आकडे: किती माणसं सोडून गेली आणि त्यांतली किती पहिल्या ९० दिवसांत, खाड्यांचं प्रमाण, ओटीचे तास, विभागवार रिजेक्शन, आणि तक्त्यावर किती जणांचा आकडा १ ने वाढला. शेजारी मागच्या तीन महिन्यांचे तेच आकडे. खाली दोन ओळी: कुठे काय दिसतंय आणि काय करायला हवं. त्यासाठी किती पैसे लागतील तेही लिहा.

पहिले दोन-तीन महिने ते पान बाजूला ठेवलं जाईल. तरीही दर महिन्याच्या दहा तारखेला ते टेबलावर ठेवत राहा. आमच्याकडे चौथ्या महिन्यात मालकांनी फोन करून विचारलं, ‘कोअर शॉपमध्ये अजून एक माणूस तयार करायला काय लागंल?’ त्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले, क्वालिटीच्या साहेबांनाही बोलावलं, आणि दोन्ही वह्या पहिल्यांदा मालकांच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.